खुर्चीसमोरचे पिरान्हा

बाबा,

दवाखान्यात मी मासे ठेवलेत. तुम्ही असतात तर आधी माझ्याकडे बघितलं असतंत, मग माशांकडे, आणि हात धुवायला निघून गेला असतात. नागरवाड्यातल्या त्या दोन खोल्यांत तुम्ही कधी साधं कॅलेंडर टांगू दिलं नाहीत. भिंती पांढऱ्या, बाक लाकडी आणि सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास. आता वास तेवढा येत नाही, औषधं बदलली. बाक तोच आहे. आई गेली, हे तुम्हाला एव्हाना कळलं असेलच. शेवटची काही वर्षं ती अंथरुणाला होती. सकाळी तिचं सगळं आवरून मी दवाखान्यात यायची, दुपारी पुन्हा तिच्याकडे, संध्याकाळी पुन्हा दवाखाना. ती गेल्यावर भेटायला आलेले लोक म्हणाले, आता तरी जरा विश्रांती घे. पण थकवा काही असा कुणाच्या जाण्याने उतरत नाही. उलट धावपळ थांबली तेव्हाच तो नीट जाणवायला लागला. पेशंटही कमी झालेत. लोक काचेच्या मोठ्या दवाखान्यांत जातात, तिथे सोफे असतात, थंडगार हवा असते. आपल्याकडे येतात ते जुने लोक. ज्यांचे दात तुम्ही भरले होते आणि जे आता मी काढते. शेजारच्या मोबाइलच्या दुकानवाल्याला आपल्या दोन्ही खोल्या हव्या आहेत. "बेन, बहु कर्युं, हवे आराम करो," पुष्कळ केलंत, आता आराम करा, असं तो फार अदबीने म्हणाला. विचार करून सांगते, म्हटलं.

मासे ठेवायचं सुचवलं ते दवाखान्यातल्या आपल्या मदतनीस बेनने. तीच, जिला तुम्ही औजारं उकळायला ठेवलं होतं आणि जी तेव्हा रक्त दिसलं की भिंतीकडे तोंड करायची. आता तिचे केस माझ्याहून पांढरे झालेत. "लोको बीवे छे, डॉक्टरबेन. माछली जुए तो मन शांत थाय," ती म्हणाली. घाबरलेली माणसं मासे बघून शांत होतील, असं तिचं म्हणणं. म्हणून मी फतेगंजला माशांच्या दुकानात गेले. दुकानवाल्याने सोनेरी मासे दाखवले, पंख्यासारख्या शेपटीचे दाखवले, निळे-पिवळे दाखवले. सगळे सुंदर होते आणि मला त्यातलं काहीच घ्यावंसं वाटेना. मागच्या बाजूला, जिथे उजेड कमी होता, तिथे एका टाकीत रुपयाएवढे काही मासे होते. चंदेरी अंग, पोट लाल, आणि सगळे एकाच दिशेला तोंड करून निश्चल उभे. त्यांना कुणाला खूश करायचंच नव्हतं. मी विचारलं, हे कुठले?

"पिरान्हा, बेन. खतरनाक माल. ए तमारुं काम नथी."

बाबा, जन्मभर जे माझं काम होतं तेच मी केलं. तुमच्या मागे दवाखाना, तुमच्या मागे आई. कुणीतरी पहिल्यांदाच म्हणत होतं की हे तुमचं काम नाही. मी म्हटलं, हेच द्या. तो हसला, पण धंदा जाणणारा माणूस होता, लगेच द्यायला तयार होईना. एकटा ठेवलात तर भेदरून राहील, दोन ठेवलेत तर एक दुसऱ्याला मारेल, ठेवायचे तर सहाएक ठेवा म्हणजे कुणा एकावरच सगळे तुटून पडणार नाहीत. टाकी लांब हवी, वर झाकण घट्ट हवं, उजेड मंद हवा, दडायला लाकडाचा ओंडका हवा. आणि आधी नुसतं पाणी ठेवा, महिनाभर. "नुसतं पाणी?" मी विचारलं. "पाणीने पण पकववुं पडे, बेन," तो म्हणाला.

ते पाणी पिकवणं मला फार आवडलं. येणाऱ्याजाणाऱ्यांची चाहूल लागली की हे मासे बुजतात म्हणून टाकी बाहेरच्या खोलीत न ठेवता आत, पेशंटच्या खुर्चीसमोरच्या भिंतीशी ठेवली. पंप घुरघुरत असायचा, ओंडक्यातून चहाच्या रंगाचं पाणी हळूहळू सुटायचं, आणि मी सकाळी काचेच्या नळीत थेंब टाकून रंग बघायची. हिरवा म्हणजे अजून विषारी, पिवळा म्हणजे निवळलं. दात दाखवायला आलेली माणसं तोंड उघडून त्या रिकाम्या टाकीकडे बघत बसायची. एका आजोबांनी बेनला हळूच विचारलं, मासे मेले का? "ना काका, हजु आव्या ज नथी," अजून आलेच नाहीत, असं ती म्हणाली. तेव्हा मी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

मग मासे आले, आणि बाबा, खोलीत काहीतरी बदललं. नागरवाड्यात बातमी पसरायला किती वेळ लागतो तुम्हाला माहीत आहे. शाळेतली मुलं दात दुखत नसतानाही आईबरोबर यायला लागली. खुर्चीत बसलेल्या माणसाला समोरच्या सहा जणांची इतकी धास्ती वाटायची की माझ्या हातातल्या ड्रिलकडे त्याचं लक्षच जायचं नाही. एक भीती दुसरीने काढायची, असली वैद्यकी तुमच्या पुस्तकांत नव्हती. मी त्यांना कोळंबीचे तुकडे घालायची. ते खायचे, पण माझ्या मनात होतं तसे तुटून पडायचे नाहीत. उलट टाकीत लावलेली झाडं रातोरात देठापर्यंत गायब व्हायची. एकदा बेनच्या डब्यातले वाटाणे पाण्यात पडले तर ते त्यांनी कोळंबीपेक्षा आवडीने खाल्ले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण आलेली गंमत मोडायची इच्छा नव्हती.

लग्नसराईत आपल्या गल्लीतून वरघोडा, नवरदेवाची वरात, गेला. हल्ली बँडऐवजी गाडीवर मोठमोठे स्पीकर असतात, खिडक्यांच्या काचा थरथरतात. मासे वेडेपिसे झाले. त्यातला एक झाकणावर आदळला, मग काचेवर, आणि खाली जाऊन ओंडक्याला टेकून राहिला. खालचा जबडा फाटला होता. पुढचे दिवस त्याने काही खाल्लं नाही, आणि बाकीचे त्याच्या शेपटीला चावे घ्यायला लागले. दुकानवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "फेंकी दो, बेन, बीजो लई जाओ." म्हणजे हा टाका आणि दुसरा न्या. मी फोन ठेवला. कुठेतरी वाचलं होतं की लवंगेच्या तेलाने मासे गुंगतात. आपल्या कपाटात बाटली होतीच. दुपारी दवाखाना बंद करून मी टबात टाकीतलंच पाणी घेतलं, तेल हलवून त्यात मिसळलं आणि माशाला त्यात सोडलं. तो आधी तडफडला, मग कलला, मग आडवा झाला. कल्ले मात्र हळूहळू हलत होते. बेन ओला कापूस घेऊन उभी. मी त्याला ओल्या फडक्यावर घेते, डाव्या हाताच्या बोटाने ओठ खाली ओढते आणि सगळ्यात छोटा आरसा तोंडाशी धरते.

आत दाढा आहेत. आरीसारखे तिकोनी दात नाहीत, सुळे नाहीत. चौकोनी, सपाट, एकाला एक लागून, जरा पिवळट, अगदी माणसासारख्या दाढा. आयुष्यभर हेच बघत आले, मला आणखी कुणाला विचारायची गरज नव्हती. या दातांनी मांस फाडता येत नाही. हे चावून खाणारं, दळणारं तोंड आहे.

"हाय हाय," बेन म्हणाली, "आ तो आपणा जेवा दांत छे!"

मी जखम धुतली, लोंबणारा तुकडा कापला, आणि त्याला स्वच्छ पाण्यात दोन्ही तळव्यांवर धरून बसले. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याने एकदम जोर केला आणि तो हातातून सुटून गेला.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. दुकानवाला ओशाळला नाही. खरे पिरान्हा आणायला बंदी आहे, बाजारात त्या नावाने विकतात ते सगळे हेच, पाकू, पिरान्हाचे भाऊबंद. मासळीबाजारात रूपचंद म्हणून मिळतो तो हाच, म्हणाला. हातभर वाढतो, वर्षानुवर्षं जगतो, तुमच्या टाकीत मावणार नाही. परत आणून द्या, मी विकतो. कुणाला, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बाहेर उभ्या असलेल्या एका गिऱ्हाइकाने सल्ला दिला, विश्वामित्रीत सोडून द्या, मगरी बघून घेतील. मी त्याच्याशी वाद घातला, बाबा, भर रस्त्यात. परदेशातला मासा नदीत सोडला आणि मगरीच्या तोंडातून वाचला तर तो आपल्या माशांचं काय करेल, वगैरे. तो माणूस "सारुं, सारुं" म्हणत स्कूटरवर बसून निघून गेला. मग लाज वाटली. इतक्या वर्षांत मी कुणावर आवाज चढवला नव्हता.

पेशंटना सांगायचं की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. तुम्हाला आठवत असेल, मी नवीन होते तेव्हा एका मुलीला म्हटलं होतं, अजिबात दुखणार नाही हं. ती किंचाळली, आणि ती गेल्यावर तुम्ही मला आत बोलावलंत. "दुखणार असेल तर दुखणार म्हणून सांगायचं. एकदा खोटं बोललीस की ते माणूस तुझ्यापुढे परत तोंड उघडत नाही." ओरडला नव्हतात, चष्मा पुसत म्हणाला होतात, म्हणून जास्त लागलं होतं. तर मी सांगायला लागले. हे पिरान्हा नाहीत, मी फसले, हे वाटाणे खातात. मुलं हिरमुसली. एकाची आई म्हणाली, सांगितलं नसतंत तर काय बिघडलं असतं. आता नुसते मासे बघायला कुणी येत नाही आणि बाक पुन्हा बहुतेक वेळ रिकामाच असतो. तुमचं म्हणणं बरोबर होतं, एवढंच. त्याने गर्दी वाढते असं तुम्हीही कधी म्हणाला नव्हतात.

मासे तळहाताएवढे झाले. वळताना काचेला घासायला लागले. दवाखान्यामागे पाण्याच्या टंचाईसाठी तुम्ही बांधून घेतलेला हौद कितीतरी वर्षं कोरडा पडला होता, पाला आणि मांजरं. मी गवंडी बोलावला. भेगा भरल्या, आतून पुन्हा सिमेंट फिरवलं, बगळे येऊ नयेत म्हणून वर जाळी, कोपऱ्यात मोठा पंप. मग पुन्हा महिनाभर नुसतं पाणी. परवा बेनने आणि मी मिळून एकेकाला बादलीतून नेऊन सोडलं. फाटक्या जबड्याचा सगळ्यात शेवटी गेला. त्याचा ओठ वाकडा जुळलाय, खाताना अर्धं सांडतं, पण खातो. थंडीत वर प्लास्टिक अंथरावं लागेल, आत हीटर सोडावा लागेल. पंप बंद पडला तर धावत यावं लागेल. हे सगळं आता मलाच करायचंय, आणि हे लिहितानासुद्धा माझे खांदे दुखतात.

मोबाइलवाला काल पुन्हा आला होता. मी त्याला हौद दाखवला. म्हटलं, बघ भाई, इतके जीव आहेत, हे टाकून मी जागा कशी देऊ. तो जाळीवर वाकला आणि म्हणाला, "वात साची छे, बेन." बिचाऱ्याला पटलं.

हे मी दवाखान्यातच, औषधं लिहून द्यायच्या कागदांवर लिहिते आहे. पाकीट आणलेलं नाही, आणणारही नाही. बेन कुलूप लावायची वाट बघत दारात उभी आहे, म्हणून एवढंच लिहून थांबते. मोबाइलवाल्याला मी माशांचं कारण सांगितलं. पण माझ्या घराच्या गच्चीवरही हौद बांधता आला असता, गवंडी तसं म्हणालाही होता. मासे कुठेही राहिले असते. जागा दिली असती तर सकाळी आवरून झाल्यावर मी कुठे जाणार होते, ते मला सुचत नव्हतं.