तापाची गाडी

सोनीच्या बाबांना,

उद्या सकाळी वीटभट्टीचा ट्रक पाड्यावर येणार आहे. मी जाते आहे. तुम्हाला न सांगता कशी जाऊ? म्हणून लिहायला बसले.

पुन्हा भट्टीचं तोंड बघायचं नाही, असं ठरलं होतं ना आपलं? जुनी का होईना, जीप घेतलीत, कासा-तलासरी लाईनला प्रवासी न्यायला लावलीत. महालक्ष्मीच्या जत्रेला मला पुढच्या सीटवर बसवून नेलंत. किती मिरवले मी! दिवाळीनंतर सगळा पाडा भट्ट्यांवर जाऊन रिकामा व्हायचा, आणि आपली चूल मात्र पेटलेली असायची.

मग स्वाइन फ्लूची साथ आली. शेजारच्या जानकीची सून, दिवस गेलेली, तापाने फणफणत होती. तिला कुणी गाडीत घेईना. मी तुमचा हात धरला, "आपल्या घरात पोर आहे."

"मग तिला काय दारातच मरू द्यायचं?" म्हणालात आणि कासाच्या दवाखान्यात घेऊन गेलात.

ती वाचली. पण स्टँडवर लोक म्हणायला लागले, "ती तापाची गाडी. दुसरीत बसा." तुम्ही फिनेल टाकून सीटा धुतल्यात. तरी कोण बसलं? दिवसभर रिकामी गाडी उभी करून घरी यायचात, आणि कुणी आजाऱ्यासाठी हाक मारली की पुन्हा चावी उचलायचात. एकदा तरी नाही म्हणायचं होतंत हो!

स्वतःला ताप भरला, तेव्हा "नुसता थकलोय" म्हणालात. का लपवलंत माझ्यापासून? वलसाडच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत नेलं. साठवलेलं सगळं तिथेच संपलं, मग जीपही गेली. तरी तुम्हाला परत आणता आलं नाही.

मी दमले. आता रडायचाही कंटाळा येतो.

काल जानकीची सून आली, बाळाला कडेवर घेऊन. म्हणाली, "काकी, सोनीला आमच्याकडे राहू दे. तिची शाळा नको सुटायला."

मला तिच्याकडे बघवेना. हिच्यापायी माझा माणूस गेला, एवढंच मनात येत होतं. आत निघून गेले. आपली सोनीच बाहेर गेली आणि बाळाला मांडीवर घेऊन बसली.

आज मी स्वतः सोनीचे कपडे त्यांच्या घरी ठेवून आले. जानकीच्या सुनेने पाणी दिलं. मी प्यायले.

एवढा शब्द देते. सोनीच्या हाताला भट्टीची माती लागू देणार नाही. आणि त्या बाळाकडे रागाने बघणार नाही. लगेच जमणार नाही, ठाऊक आहे. पण शब्द दिलाय.

तुमची,
सुमन