मुद्दाम बांधलेली कोनशिला

मी, मारुतराव गेनबा शेलार, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा शेती, माजी सरपंच, राहणार मौजे लव्हाळवाडी, तालुका शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. माझी शुद्ध जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेलं नाही. आयुष्यात मी पुष्कळ कागद स्वतःच्या मोठेपणासाठी लिहिले. हा तसा नाही, म्हणून हात हलका चालतो आहे.

वडिलोपार्जित जमिनीची वाटणी पूर्वीच झाली. खाली जे देतो ते माझ्या कमाईचं आहे.

कलम १. व्याख्या. माझी नात तेजश्री वकिली शिकते. ती म्हणाली, "आबा, आधी शब्दांचे अर्थ लिहा. नाहीतर मागनं लोक आपल्या सोयीचा अर्थ लावतात." हे मला पुस्तक न वाचता पटलेलं आहे. तर, या मृत्युपत्रात ‘मुलगा’ म्हणजे विश्वजीत, तो माझ्याशी बोलत असो वा नसो. ‘तळं’ म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला, भीमेच्या अलीकडे, लव्हाळं आणि पाणकणसं उगवतात ती सगळी पाणथळ जागा. पावसाळ्यात पाणी असतं तेव्हाही आणि वैशाखात नुसता चिखल असतो तेव्हाही. ‘भराव’ म्हणजे मुरूम, राडारोडा, कारखान्याची राख, आणि "थोडीशीच माती टाकतो, आबा" असं म्हणून टाकलेली मातीसुद्धा. ‘मी बांधलेले’ म्हणजे मी खरोखर बांधले तेवढेच. या शेवटच्या व्याख्येपायी कागद लांबला आहे, वाचणाऱ्याने धीर धरावा.

कलम २. राहतं घर, गोठा आणि विहिरीचा कठडा मी बांधलेले आहेत. ते पत्नी सिंधूबाई हिला तिच्या हयातीपर्यंत आणि तिच्या पश्चात विश्वजीतला. देवघरातली पितळी समई मात्र मुलगी सुवर्णा हिला पाटसला पाठवावी. पोस्टातली ठेव दोन्ही मुलांना सारखी. सुवर्णाच्या लग्नात तिच्या सासऱ्यांनी माझ्या फेट्याला नावं ठेवली होती. तो फेटा मी जपून ठेवला आहे. तोही त्यांनाच द्यावा.

कलम ३. तळ्याबद्दल. सन १९८८ साली मी सरपंच असताना तळ्याच्या उगवतीला तीन हात उंचीचा मुरमाचा बांध घातला. तो पुढच्याच पावसाळ्यात वाहून गेला. पण त्याआधी मी काळ्या दगडाची कोनशिला बसवली होती: ‘पाझर तलाव, सिंचनासाठी. बांधकाम सरपंच मा. श्री. मारुतराव गेनबा शेलार यांच्या कारकिर्दीत.’ ठरावही तसाच लिहिला. सगळ्या सदस्यांनी सह्या केल्या, एकट्या बबनरावांनी केली नाही. ते म्हणाले, "मारुतराव, पाझरलेलं तळं न्हाई, तुमचं डोस्कं हाय." त्यावरून आमचं जे वाजलं ते तीन निवडणुका पुरलं.

उद्घाटनाच्या दिवशी भागुबाई उठून उभी राहिली. तळ्याला लागून तिचे वांग्या-मिरचीचे वाफे आहेत. ती म्हणाली, "आबा, माजी सासू ह्या पाण्यात म्हशी धुवायची, तवा तुमचं जावळबी निघालं नव्हतं. तुम्ही कवा बांधलं?" मी माईकवरून म्हणालो, "बाईला ऊन लागलंय, सावलीत बसवा." मांडव हसला. त्या दिवसापासून गाव तिला सावलीवाली म्हणू लागलं. हे नाव माझ्या जिभेचं आहे, आणि त्याची मला लाज वाटते.

मग मी माझीच कोनशिला वाचत वाचत म्हातारा झालो. दगडावर कोरलेलं खोटं कोरणाऱ्यालाही खरं वाटायला लागतं. नातवंडांना मी तळं दाखवून सांगायचो, हे तुमच्या आज्ज्यानं केलं. चक्रवाक पक्षी हिवाळ्यात उतरले तरी मला वाटायचं, माझ्याकडेच आले.

कलम ४. गेल्या वर्षी प्लॉटिंगवाले आले. तळ्यात भराव टाकून गोडाऊन करायचं, आणि रस्ता माझ्या कमाईच्या दोन एकरांतून काढायचा. विश्वजीत कारेगावात राहून कंपनीत शिफ्टा करतो. त्याला वाटलं, रस्त्याचे पैसे आले की शिफ्टांतून सुटलो. भागुबाईने अर्ज केला की ही पाणथळ जागा आहे, राखा. शिरूरच्या कचेरीत सुनावणी लागली. तेजश्रीने मला आदल्या दिवशी नियम वाचून दाखवला. नैसर्गिक असो वा मानवनिर्मित, कायमचं असो वा हंगामी, पाणथळ ती पाणथळ. मी खूश झालो. ती म्हणाली, "थांबा आबा, पुढं हाय." पुढं असं होतं की, सिंचनासाठी मुद्दाम बांधलेली रचना त्यात धरायची नाही.

मुद्दाम. सबंध तळं त्या एका शब्दात बुडणार होतं, आणि तो शब्द खरा ठरवणारा दगड माझ्या नावाचा होता.

त्या दिवशी सिंधूबाई एवढंच म्हणाली, "उद्या खरं सांगा. न्हाईतर माझ्या हातचं ताट मागू नका." पन्नास वर्षांच्या संसारात तिने मला पहिल्यांदा अट घातली.

सुनावणीत प्लॉटिंगवाल्यांच्या वकिलांनी कोनशिलेचा मोठा फोटो टेबलावर ठेवला. भागुबाईचं बोलणं कोणी मनावर घेईना; दगडापुढं तोंडी साक्ष काय टिकते. साहेब म्हणजे तरुण बाई होत्या. त्यांनी मला विचारलं, "आबा, हे तळं तुम्ही बांधलंत का?" विश्वजीत समोरच्या बाकावर बसला होता.

मी म्हणालो, "न्हाई, मॅडम. तळं आधीपासनंच हाय. मुद्दाम बांधली ती फकस्त कोनशिला."

"हे लिहून द्याल?"

"देतो की. खोटं मोठ्या अक्षरात लिवलं, आता खरं बारीक अक्षरात लिवायला काय जातंय?"

मागून भागुबाई म्हणाली, "छत्तीस वर्सं लागली व्हय, आबा?" कोणी हसलं नाही. बाहेर येऊन मी दोन कप चहा प्यालो, साखरेचा, डॉक्टरांनी मना केलेला.

साहेबांनी जुना गाव नकाशा काढवला. त्यात तळं होतंच. मी जन्माला येण्याआधीचं. निकाल तसाच लागला, पाणथळ जागांच्या यादीत तळ्याचं नाव चढलं, हद्दीचे खांब लागले. विश्वजीत आठ महिने माझ्याशी बोलला नाही. त्याचं दुःख मला कळतं. त्याच्या शिफ्टा मी थांबवू शकलो नाही. गेल्या महिन्यात तो आपणहून आला, बांधावर उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, चिखल हाय तितं पाय कसा टाकायचा?" मी त्याला दाखवलं. एवढंच झालं, पण त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

कलम ५. तळ्यालगतचे ते दोन एकर मी विश्वजीतला देतो. अट एकच: तळ्यात किंवा तळ्याकडच्या उतारावर भराव टाकायचा नाही. भरावाची व्याख्या कलम एकमध्ये दिली आहे. "आबांचा अर्थ तसा नव्हता" असं कोणी म्हणू नये. तसाच होता. अंमलबजावणी तेजश्रीने पाहावी.

कलम ६. मी गेल्यावर फ्लेक्स लावू नये. लावलाच, तर ‘जलनायक’ वगैरे शब्द घालू नयेत. हरलेल्या निवडणुकीत माझ्या फ्लेक्सवर ते होते, तेवढे पुरे.

कलम ७. सदर दोन एकरांच्या बांधावर एक करंज आहे. तो मी लावला; साक्षीला सिंधूबाई आहे, तिने पाणी घातलं. झाड विश्वजीतचं, पण त्याची सावली मी श्रीमती भागुबाई हिला तिच्या हयातीपर्यंत देतो. कोनशिला मी गेल्या आठवड्यात पहारीने उपटून काढवली. ती करंजाखाली, अक्षरं जमिनीकडे करून, नीट बसवावी आणि भागुबाईने तिच्यावर बसावं. गावाने विचारलं तर सांगावं की मारुतरावांनीच बसवायला लावली. यावेळी ते खरं असेल. हे कलम मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दगुड थोडा उंच बसवा आबा, माजेबी गुडघं गेल्यात." तसं करावं.

याआधी मी कुठे काही लिहून ठेवलं असेल, कागदावर किंवा दगडावर, तर ते रद्द समजावं.

ठिकाण: लव्हाळवाडी
दिनांक: १४ डिसेंबर २०२५

सही: मारुतराव गेनबा शेलार

मारुतरावांनी वरील मजकूर शुद्धीवर असताना वाचून, समजून आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: सावळाराम धोंडिबा गवारे, लव्हाळवाडी

साक्षीदार २: बबनराव यशवंत शेलार, माजी ग्रामपंचायत सदस्य, लव्हाळवाडी. १९८८ च्या ठरावावर मी सही केली नव्हती. इथे करतो.