मानेमागचा गेरू

२३ ऑगस्ट, शनिवार
आज गोटमार, नदीकाठच्या दगडफेकीची जत्रा. पांढुर्ण्यात सारं बंद. पण कॉलेजच्या प्रयोगातल्या उंदरांना कसली सुट्टी! दाणापाणी करायला गेलोच.

प्रज्ञा मॅडमचा नागपूरहून फोन — "भिवाजीभाऊ, चौघांना ठिपके लावून ठेवा. संध्याकाळी कॅमेरा सुरू होईल." चारही पांढरे. वरून कॅमेरा पाहतो, ठिपक्यांवरून कॉम्प्युटर ओळखतो अन् कोण कोणाजवळ गेलं ते आपोआप लिहितो. तीन नंबरला औषधानं मलूल केलंय. बाकीचे त्याला जवळ करतात की टाळतात — मॅडमचा तीन महिन्यांचा अभ्यास एवढ्यासाठीच.

ठिपक्यांची काळी मेहंदी संपलेली. दुकानं बंद. काल पोळ्याला बैलांवर ठप्पे मारून उरलेला गेरू घरी होता. तोच आणून लावला. एकाला पाठीवर, दुसऱ्याला कुशीवर, तिसऱ्याला मानेमागं, चौथ्याला शेपटीजवळ. शोभून दिसले! काल बैलांना जोडले तसे त्यांनाही हात जोडले.

२५ ऑगस्ट, सोमवार
मॅडमचा फोन. आवाज बसलेला. "शनिवारी संध्याकाळी साडेसातनंतर तीन नंबर हरवला म्हणतो कॉम्प्युटर! तीन महिने पाण्यात गेले, भाऊ."

पिंजऱ्यात चौघेही आहेत. बाकीच्यांचे ठिपके फिके, पण दिसणारे. तिसऱ्याची मान पाहिली — पांढरीफेक. गेरू गेला! माझ्यामुळंच झालं. मॅडमला 'चौघंही आहेत' एवढंच कळवलं.

२६ ऑगस्ट
देवापुढे दिवा लावला. नजर वर झाली नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार
गणपती बसले. मूर्तीच्या पायाशी उंदीर. तिकडं पाहवेना. कला म्हणाली, "काहून ताट तसंच ठेवलं?" बायकोपासून किती लपवणार! सारं सांगितलं. आधी पोटभर हसली. "बैलाचा साज उंदराले! मंग सांगून द्या ना मॅडमले. खाऊन टाकतात का त्या तुम्हाले?"

२८ ऑगस्ट, गुरुवार
मॅडम आल्या. एका दमात बोलून टाकलं. त्या भडकल्या — "गेरू? अन् इतके दिवस चूप! माझी झोप उडाली ना, भाऊ!" मी मान खाली घातली.

मग एकदम थांबल्या. "तिसऱ्याला कुठं लावला होता?"

"मानेमागं."

"तिथं तर त्याची स्वतःची जीभ पोचतच नाही!"

दोघांनी बसून शनिवारचा व्हिडिओ पाहिला, आपल्या डोळ्यांनी. तिसरा कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. पहिला आला, त्याची मान चाटत राहिला. तो गेला तर चौथा आला. मग पुन्हा पहिला. ठिपका पुसला गेला, म्हणून कॉम्प्युटरच्या लेखी उंदीरच हरवला!

मॅडमचे डोळे भरले. "टाळत नाहीत हे, भाऊ. ओळखीला मेहंदी राहू द्या. पण आता सगळ्यांच्या मानेमागं गेरूही लावा. पुसला गेला की समजायचं, कोणीतरी जवळ केलं."

आज दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कलानं विचारलंसुद्धा नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार
तिसऱ्याचं औषध उतरलं. सकाळी पाहतो तर पहिल्याच्या मानेवरचा गेरू साफ. व्हिडिओ लावला.

चाटणारा — तीन नंबर!