सायकलची किल्ली

बाबा, मला मोतीबिंदू झालाय, दोन्ही डोळ्यांत. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. पहिल्यांदा तुम्हाला सांगतेय, कारण तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली आणि तुम्ही आता घाबरणार नाही. मी मात्र पुरती घाबरलेय. बेचाळिसाव्या वर्षी हे कसं, असं इथे जपानात, फुनाबोरीतल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, दम्यासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या की असं लवकर होऊ शकतं. गोळ्या मनानेच बंद करू नका, आधी दम्याच्या डॉक्टरांशी बोला, उन्हात गॉगल लावा. थेंबांनी हा जात नाही, गढूळ झालेलं भिंग काढून नवं बसवावं लागतं. मग मी अगदी तुमच्यासारखं विचारलं, पिकेपर्यंत थांबू का? त्यांना तो प्रश्नच कळेना. रोजच्या कामात अडचण व्हायला लागली की काढायचा, म्हणाल्या, जास्त थांबलं तर ऑपरेशन उलट अवघड होतं. तोवर अंधार पडल्यावर सायकल नको. मी मान डोलावली आणि तारीख न घेताच परत आले. ऑपरेशनच्या वेळी मी जागी असणार म्हणे. डोळ्यावर कुणाचे तरी हात, आणि 'हलू नका' असं जपानीत सांगितलेलं ऐन वेळी मला कळलंच नाही तर?

मी आठवीत होते तेव्हा तुम्ही कारखान्याच्या कामगारांची बस चालवत होतात. वर्षातून एकदा कारखान्याच्या दवाखान्यात डोळे तपासायचे. तुम्ही तक्त्यावरची अक्षरं कुणाकडून तरी कागदावर उतरवून आणली होतीत, पण कागदही वाचता येईना, म्हणून मी वाचायची आणि तुम्ही पाठ करायचात. आई भाकऱ्या थापते आहे, तुम्ही ओट्याला टेकून उभे आहात, हसत म्हणताय, मोतीबिंदू पिकला की काढू, घाई काय आहे. मला हसू येत नाही. आदल्याच रविवारी रिकामी बस डेपोत न्यायची म्हणून तुम्ही मला शेजारी बसवून नेलं होतंत. वळणावर एक बाई उभी होती आणि ती तुम्हाला दिसलीच नाही. मी किंचाळले म्हणून ब्रेक लागला. "घरी बोलू नकोस," एवढंच तुम्ही म्हणालात. मी नाही बोलले. तक्त्यावरच्या शेवटच्या दोन ओळी मात्र मी अदलाबदल करून तुमच्याकडून पाठ करून घेतल्या.

कंपाउंडरने एका ओळीवर बोट ठेवलं आणि तुम्ही दुसरीच म्हणून दाखवलीत. घरी आलात ते पाणीही न घेता बसून राहिलात. माझं पाठांतर कच्चं राहिलं, असं आईला म्हणालात. बस गेली, गेटवरची ड्युटी आली, ती निवृत्तीपर्यंत. मी दहावीत गेले तेव्हा ऑपरेशन झालं. डावा डोळा फार पिकवला होता, त्याने नंतरही नुसता उजेड कळायचा. उजव्याची पट्टी निघाली तेव्हा तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिलात. मला वाटलं, किती उंच झालीस असं काहीतरी म्हणाल.

इथे मी कावासाकीच्या ऑफिसातून ट्रेनने येते आणि स्टेशनवरून सायकल घेऊन मुलाला पाळणाघरातून आणते. तो सहा वर्षांचा आहे. थंडीत पाचलाच अंधार होतो, समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांत दुधासारखे पसरतात. मागच्या सीटवरून सिग्नल हिरवा झाला की त्याने सांगायचं, असा खेळ मी लावून दिलाय. खेळ कसला, मी त्याला कामाला जुंपलंय. गेल्या मंगळवारी तो ओरडला, "तोमात्ते!" थांब. मी ब्रेक दाबला. समोर काळ्या कोटातले एक आजोबा, त्यांच्या पिशवीतल्या कांद्याच्या पाती रस्त्यावर, आणि तेच वाकून माझी माफी मागत होते. दारात मी मुलाला म्हणाले, बाबांना सांगू नकोस हं. ते शब्द तोंडातून गेले आणि तुमची बस आठवली.

दुसऱ्या दिवशी सायकलची किल्ली सापडेना. त्याला विचारलं. त्याने मान वर न करता सांगितलं, "शिरानाई." माहीत नाही. तो एरवी खोटं बोलत नाही, त्याला ते जमतही नाही. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या, ओठ घट्ट मिटलेले. मी त्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लगेच ओळखलं, त्यानेच लपवलीय.

बाबा, ओळी मी मुद्दाम फिरवल्या होत्या. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता सांगण्यासारखं काही उरलं नाही असं वाटतंय. कारण मला जर एका नजरेत कळलं, तर त्या दिवशी माझ्याकडे पाहून तुम्हालाही कळलं असणार. तरी पाठांतर कच्चं राहिलं म्हणालात. हे पत्र कुठे पाठवणार, वहीतच राहील. किल्ली त्याच्या पावसाळी बुटात आहे. चार दिवस झाले, मी ती शोधतेय असं दाखवते आणि त्याचा हात धरून चालत घरी येते. डॉक्टरांना फोन अजून केलेला नाही.