नेरच्या बाजारासाठी ट्रॉली

३ डिसेंबर २००६
आज बी बस भरूनच आली. फाट्यावर माह्ये दोन्ही टोपले बसमंधी चढलेच नाही. वांगे डोक्यावर घेऊन तीन किलोमीटर परत तांड्यात. यंदा कापसाची पऱ्हाटी नाही लावली, अर्धं वावर भाजीले दिलं — ते काय घरी वाळवाले? अंगणात मोटरसायकल उभी हाय. तिच्या मांगं छोटी ट्रॉली पाह्यजे.

५ डिसेंबर
नवऱ्याले पुण्याले फोन केला. चारचौघात नाव घेत नाही, वहीत घेते — राजकुमार. म्हणाले, अमरावतीले तयार भेटते, मी आलो की पाहू. आपला धरमसिंग मिस्त्री म्हणते, तयार ट्रॉली डांबरी रस्त्याची, नाल्यात फसन. माह्याजवळ जुन्या ऑटोचे चाकं हायत, बनवून देतो. दोघायचंबी पटते. तीच तर पंचाईत.

८ डिसेंबर
काही ठरलं नाही. सुतळी घेऊन नाल्याची वाट मोजून आली, ट्रॉली मावन का म्हणून. भाकर जळाली.

११ डिसेंबर
सासूले मी याडी म्हणते. आज याडीनं इचारलं, "तू ट्रॉलीचा इचार करून राह्यली, का राजकुमारची वाट पाहून राह्यली?"
दुपारी धरमसिंगकडे गेली. बनव म्हटलं. पण बुटकी बनव — बाईले डोक्यावरचं टोपलं एकटीनं ठेवता आलं पाह्यजे.

१७ डिसेंबर
पाह्यलं चालवून. दीर बाबूसिंग गाडीवर. नाल्याच्या चढावर जोड तुटला, ट्रॉली उलटी पाण्यात. कोणाले लागलं नाही. बाबूसिंग म्हणे, मी आता हिच्यावर बसत नाही. तांडा हासला. मी गोठ्यामांगं जाऊन रडली.

१८ डिसेंबर
धरमसिंगनं जाड पिन टाकली, वरून साखळी. गाडी कोण चालवन, म्हणे. मी म्हटलं, मले शिकव.

२६ डिसेंबर
दोनदा पडली. गुडघा सोलला. आज रिकामी ट्रॉली घेऊन फाट्यावर जाऊन आली — एकटी!

३० डिसेंबर
राजकुमार आले. ट्रॉलीभोवती फिरले, चाक दाबून पाह्यलं, चांगली झाली म्हणाले. मंग जेवताना —
"पुण्यात खोली घेतली, जमनी. आता तू बी चाल. ट्रॉली इकून टाकू."
चार वर्षं याच बोलाची वाट पाह्यली. ऐकलं तं ताट सारून ट्रॉलीची साखळी पाहाले गेली.

३१ डिसेंबर
माह्ये लुगडे त्यायनंच पेटीत भरले. मी हो म्हटलं नाही, नाही बी म्हटलं नाही. वावरात तीनदा जाऊन आली, उगाच.

१ जानेवारी २००७
पेटीतले लुगडे मी काढून ठेवले. त्यायनं पाह्यलं.

२ जानेवारी
त्यायले नेरच्या स्टँडवर सोडलं. गाडी मीच चालवली. पुण्याची बस लागली. म्हणाले, "मांगून येशीन ना?"
"नाही," म्हटलं. आन् ट्रॉली बाजाराकडे वळवली.