फाळका सोडून सगळं मिळालं

तीर्थरूप आत्यास भाच्याचा साष्टांग नमस्कार. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आता स्वच्छ दिसतं का, ते आधी कळव. (नाहीतर हे पत्र तू शेजारणीला वाचायला देशील, आणि यातलं सगळंच काही शेजारणीसाठी नाही.) इकडे माणसं ठणठणीत आहेत, गंज आहे तो फक्त गाडीला.

बाबांची जुनी पिकअप मी दुरुस्तीला काढली, हे तुला कळलं असेलच. सगळ्या नातेवाइकांना कळलंय आणि सगळ्यांनी सल्लेही दिलेत. पण ही हौस नव्हे गं. जन्मभर स्टिअरिंग धरलेल्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीत बसणं जमत नाही, त्यामुळे बाबांनी घराबाहेर पडणंच सोडलंय. दिवसभर खुर्चीत बसून फाटकाकडे बघतात, आणि ते बघून माझा जीव तुटतो. 'आपली गाडी पुरी झाली की निघू,' म्हणतात. इंजिन कधीच सुरू झालं, पण बाबांच्या लेखी सगळा पत्रा जागेवर बसल्याशिवाय गाडी पुरी होत नाही.

आणि असला पत्रा मिळणं म्हणजे देव भेटणं! भंगारवाल्याने डावं म्हणून उजवं मडगार्ड गळ्यात मारलं. परत करायला गेलो तर म्हणतो, 'उलटं लावून बघितलंत का?' त्यातून घरी बाबांची परीक्षा. प्रत्येक भागावर बोटाच्या पेराने टकटक करायची, कान लावायचा आणि 'हा आपला नव्हे' म्हणून निकाल द्यायचा. एक चांगला धडधाकट दरवाजा असा नापास झाला. (तो अजून स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभा आहे. तुझी भाचेसून त्याला वळसा घालून चहा करते आणि तो चहा मला दरवाजाआडूनच देते.)

शेवटी एक निवृत्त मास्तर भेटले. गाडी हीच, खूळही हेच. त्यांच्याकडे डावं मडगार्ड जादा, माझ्याकडे त्यांना हवी असलेली पुढची जाळी जादा. अदलाबदल करून मोकळं व्हायचं, नाही का? पण जुन्या गाडीवाल्याच्या हातून पत्रा सुटत नाही. त्यांनी माझी जाळी कुरवाळली, मी त्यांचं मडगार्ड कुरवाळलं, आणि 'विचार करू' म्हणत दोघांनी आपापला माल पोटाशी धरला. अखेर आमच्या बायकांनीच फोनवर परस्पर सौदा ठरवला. आम्हाला फक्त ओझी उचलायला बोलावलं.

आता सगळं बसलंय, टकटकीत पासही झालंय. राहिलाय तो मागचा फाळका. माल चढवताना आपण खाली पाडतो ना, तोच. पायाला भिंगरी लावून फिरलो, पण कुठे म्हणून मिळत नाही, आणि त्याच्यावाचून बाबा हलायला तयार नाहीत. असो. घरातल्या लहानथोरांना आमची आठवण सांग.

तुझा भाचा

ता. क. खरं काम आता लिहितो. मूळ फाळका तुझ्या दारासमोरच्या गटारावर आडवा टाकलेला आहे. गाडी बंद पडली तेव्हा बाबांनीच तो तुला काढून दिला होता म्हणे. त्याच्या जागी मी मजबूत फरशी टाकून देतो. नाही म्हणू नकोस.

आणखी ता. क. बाबांना पत्र वाचून दाखवलं. कडाडले, 'ताईच्या पायाखालचं काढून घेणार? लाज नाही वाटत?' मग एकदा फाटकाकडे बघितलं, आणि चपला मागितल्या. आता गाडीत बसून हॉर्न वाजवतायत. तेव्हा हे पत्र पोस्टात न टाकता सोबतच आणतोय. तू वाचशील तेव्हा बाबा त्या फाळक्यावर उभे असतील. वाचत काय बसलीस? हात धरून आत घे त्यांना.