सत्तावन्न किलोची जागा

प्रिय विमलवन्सं,
सप्रेम जयभीम.

काल फोनवर तुम्ही विचारलंत, "वहिनी, दोघींकडे सारखंच बघतेस ना?" मी हो म्हणाले. ते खोटं होतं. हे पत्र टपालात टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते.

उद्या कॉलेजात कुस्तीची निवड आहे. सत्तावन्न किलो गटात विद्यापीठाच्या स्पर्धेला एकच मुलगी जाणार, माझी संघमित्रा नाहीतर तुमची प्रांजल. संघमित्रा पहाटे उठून मेहनत करते. पण भांडुपला आमच्याकडे शिकायला आलेली प्रांजल ढाक डाव मारायला वळते, तेव्हा मला आखाड्यातले तुमचे दादाच दिसतात, तसाच खांदा खाली टाकून. ते गेले तेव्हा ती लहान होती. तिला कुणी शिकवलंही नाही. त्यांचं एवढं एकच मागे राहिलं, वन्सं, आणि तेही भाचीकडे गेलं. माझ्या पोरीकडे का नाही?

कुस्तीआधी वजन होईल. प्रांजल अगदी काठावर आहे, पोटभर जेवली तर बाद होईल. आणि ती म्हणते, "मामी, तू वाढशील तेवढंच खाणार." आज मी तिला तूप लावून अख्ख्या दोन भाकऱ्या वाढल्या. तिने पहिला घास मोडला आणि मी ताट ओढून घेतलं. अर्धी भाकरी ठेवली, बाकी उचलली.

"काय गं मामी, कंजूष!" ती हसली. संघमित्राही हसली.

ती हरावी असं मला अजूनही वाटतंय. पण मॅटवर हरावी, माझ्या ताटात नको.

तुमच्या दादांची,
कुसुम